काचेचे छोटे प्याले

आमच्या चर्चच्या मंडळीत जंतू आले ते नामांतराच्या पहिल्या वर्षी, श्रावणात. त्याआधी ते नव्हते. मिशनरी साहेबांच्या काळापासून प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, एकच मोठा प्याला होता, चांदीचा मुलामा दिलेला, दोन कानांचा. त्यात मनुकांचं पाणी असे. काळ्या मनुका रात्री भिजवून, सकाळी उकळून, फडक्यातून गाळून महिला संघाच्या बायका ते करत. प्याला पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात जाई आणि सोबत चालणारे वडील पांढऱ्या रुमालानं त्याची कड पुसत. त्यातून खोकणारे प्यायले, तंबाखू खाणारे प्यायले, ओठ फुटलेले प्यायले. त्यानं कुणी आजारी पडल्याचं ऐकिवात नव्हतं. मग पेडगावच्या पुढच्या एका खेड्यातून एक म्हातारी, तिची पोटुशी सून आणि लहानगी नात आमच्या शाळेच्या ओसरीवर येऊन राहिल्या, आणि पुढच्याच वडीलसभेत आरोग्याचा विषय निघाला.

वडील म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या पंथात पाळकाच्या जोडीनं मंडळीचा कारभार पाहायला माणसं निवडून देतात. त्यांना वडील म्हणतात आणि त्यांच्या बैठकीला वडीलसभा. पाळक बदलतात, वडील राहतात. आमचे पाळकसाहेब तर परभणीची आमची, पाथरीची आणि अशाच आणखी काही मंडळ्या सांभाळत एस.टी.च्या खिडकीशी म्हातारे होत चालले होते. चांगला माणूस. कुणी काही म्हटलं की आधी मान हलवायचे आणि मग विचार करायचे. त्यामुळं मंडळी खऱ्या अर्थानं थोरल्या वडिलांची होती. ते कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. मे महिन्यातसुद्धा काळा कोट. त्यांची प्रार्थना अर्जासारखी असे. आधी विषय, मग संदर्भ, आणि शेवटी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती. देवानं त्या अर्जांचं काय केलं ते ठाऊक नाही, पण फेटाळल्याचंही कधी कळवलं नाही, त्यामुळं ते समाधानी होते.

त्या वर्षी विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांतून गावाबाहेरच्या वस्त्या पेटल्या. आमच्याकडं वर्तमानपत्र उशिरा यायचं, अफवा वेळेवर यायच्या. थोरल्या वडिलांनी उपासनेनंतर उभं राहून जाहीर केलं की हा विषय आपला नाही. आपण ख्रिस्ती आहोत, आपल्याला कुठलं नाव द्यायचं नाही की काढायचं नाही. सगळ्यांनी हुश्श केलं. त्यांचे स्वतःचे आजोबा ज्या वस्तीतून आले ती म्हातारीच्या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. हे प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणी बोलत नसे, कारण प्रत्येकाचेच आजोबा कुठून तरी आले होते. बाप्तिस्म्यानं पाप धुतलं जातं असं आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवत. पापाचं मी सांगू शकत नाही. गावाचं नाव मात्र फार स्वच्छ धुतलं जातं.

म्हातारी आली त्या दिवशी थोरल्या वडिलांनी तिला ओसरीच्या पायरीवर उभं करून विचारलं की तुम्ही बाप्तिस्मा घेतलेल्या आहात हे कशावरून. तिनं तोंडातली मिसरी बाजूला थुंकली.

"जाळणारांनी ईचारलं न्हाई, साहेब. तुमी कामून ईचारायलात?"

पाळकसाहेबांनी मान हलवली आणि मग ही आपलीच आहे, मी वर्षातून एकदा तिच्या गावी जातो, असं सांगितलं. म्हणून ओसरी मिळाली.

म्हातारी गोगलगाय नव्हती, हे लिहून ठेवलं पाहिजे. संकटात सापडलेल्या माणसानं कृतज्ञ, शांत आणि शक्यतो डोळ्यांत पाणी आणून बसावं अशी मंडळीची अपेक्षा असे. म्हातारी हौदाच्या पाण्याला नावं ठेवायची, शाळेच्या पोरांना शिव्या द्यायची, आणि महिला संघानं पाठवलेली भाजी चाखून "मीठ घालत न्हाईत का तुमच्यात" असं विचारायची. तिचा मुलगा पूर्णेकडं रुळांच्या कामावर रोजंदारीला होता. तो पंधरवड्यातून एकदा यायचा आणि आईचं ऐकून घेऊन परत जायचा. सून बोलतच नसे. ती खांबाला पाठ टेकून बसायची आणि पोटावर हात ठेवून रस्त्याकडं बघायची. कुणी जोरात फाटक उघडलं की ती आधी नातीला जवळ ओढायची आणि मग बघायची कोण आहे ते.

माझी आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. तिनं सुनेला तपासलं आणि दिवाळीच्या पुढंमागं बाळंत होईल असं सांगितलं. बाळंतपण दवाखान्यात होईल, त्याची काळजी नाही, पण तिथं खाटा कमी, चार दिवसांत बाहेर काढतील. मग ती ओली बाळंतीण तान्हं मूल घेऊन कुठं येणार? ओसरीला भिंत एकच. थंडी सुरू झालेली असणार, कुत्री मोकाट, आणि वरून पोरगी आधीच दचकणारी. आईचं म्हणणं एवढंच होतं की तिला दार असलेली खोली पाहिजे. आतून कडी लागेल अशी.

अशी खोली आवारातच होती. तिला पाहुण्यांची खोली म्हणत. चर्चच्या मागच्या बाजूला, पक्क्या भिंतींची. आत लोखंडी पलंग, मच्छरदाणी, आरसा, पाण्याचा माठ आणि भिंतीवर लाल रेशमानं भरलेलं वचन: मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतलं. ही खोली वरच्या सभेकडून येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखलेली होती. पाहुणे वर्षा-दोन वर्षांतून एकदा येत आणि थोरल्या वडिलांच्या घरी उतरत, कारण तिथं जेवण चांगलं असे. त्यामुळं खोली अगदी नव्यासारखी राहिली होती. तिची किल्ली थोरल्या वडिलांच्या पत्नीकडं असे. त्या महिला संघाच्या अध्यक्षा. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून त्या चालत, आणि कुठल्या किल्लीनं काय उघडतं हे त्या स्वतःही विसरल्या असाव्यात, पण वाजायचा छान.

आईनं खोली मागितली. वडीलसभा बसली. निर्णय पाळकसाहेबांनी मान खाली घालून येऊन सांगितला. एकाला दिली तर पायंडा पडेल. उद्या राणीसावरगावाहून कुणी आलं तर काय करायचं? शिवाय पोलीस चौकशीला आले तर नामांतराचं प्रकरण मंडळीच्या आवारात सापडेल. शिवाय सेवासप्ताहाला पुण्याहून पाहुणे येणार होते. आईनं विचारलं की ते खोलीत उतरणार आहेत का. पाळकसाहेब म्हणाले, नाही, पण उतरावंसं वाटलं तर खोली असायला हवी.

आता सेवासप्ताहाबद्दल. तो तरुण संघाचा कार्यक्रम. मी तेव्हा कॉलेजात होते आणि तरुण संघात होते, कारण वयात आलेल्या मुलीनं तिथं नसणं हे तिथं असण्यापेक्षा जास्त डोळ्यांवर यायचं. आमचे अध्यक्ष चाळिशीला टेकले होते. तारुण्य आमच्यात वय नव्हतं, पद होतं, आणि ते सोडायला कुणी तयार नसे. मुलं भाषणं करत, मुली हार ओवत आणि चहा करत. मी हार ओवता ओवता भाषणं ऐकायची. एका वक्तृत्व स्पर्धेत चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर सगळेच बोलले. वाटेत जखमी होऊन पडलेला माणूस, त्याला बघून पलीकडून निघून गेलेला याजक, आणि थांबलेला परका. पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलानं याजकाची अशी काही निर्भर्त्सना केली की टाळ्या थांबेनात. टाळ्यांचा आवाज ओसरीपर्यंत जात होता. तिथून म्हातारी ओरडली की पोरगी आत्ता झोपलीय, गोंधळ कमी करा.

सेवेचा पहिला दिवस आवार झाडण्याचा होता. ते आदल्या दिवशी झाडून ठेवलं होतं, म्हणजे पाहुण्यांसमोर धूळ उडायला नको. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात केळ्यांचं वाटप. आई संध्याकाळी घरी येऊन चप्पल भिरकावत म्हणाली की ज्यांचं खाणं डॉक्टरांनी बंद केलंय त्यांच्याही हातात केळी दिली, कारण फोटो ओळीनं काढायचा होता. आणि एका दिवशी निर्वासितांना चादरवाटप. निर्वासित म्हणजे म्हातारी, सून आणि नात. चादरी त्यांना आधीच दिलेल्या होत्या, पाऊस फार झाला त्या आठवड्यात, घाईत, कुणी न बोलावता. आता त्या परत मागून आणल्या, घडी घातल्या, वर झेंडूचं एकेक फूल ठेवलं, आणि मांडवात पाहुण्यांच्या हस्ते पुन्हा दिल्या. स्टेशन रोडवरून आणलेल्या फोटोग्राफरचा फ्लॅश पेटला नाही, म्हणून म्हातारीला चादर परत देऊन पुन्हा घ्यायला सांगितलं. तिनं दिली, घेतली, आणि मग पाहुण्यांना शांतपणे विचारलं की अजून कितींदा द्यायची हाय. पाहुण्यांना हे फार हृदयस्पर्शी वाटलं. त्यांनी ते पुण्यात गेल्यावर सांगितलं असणार.

याच पाहुण्यांनी प्याले आणले. थोरल्या वडिलांनी ते आपल्या दिवंगत तीर्थरूपांच्या स्मरणार्थ मंडळीला अर्पण केले होते. सागवानी तबकं, त्यांना गोल भोकं पाडलेली, आणि प्रत्येक भोकात काचेचा एकेक प्याला, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढा. तबकाच्या कडेला पितळी पट्टी आणि तिच्यावर तीर्थरूपांचं नाव, गाव वगळून. आता प्रत्येकाला आपला प्याला. कुणाच्या ओठाला कुणाचा ओठ लागायला नको. थोरल्या वडिलांनी जंतू या विषयावर असं काही सांगितलं की पुढच्या बाकावरच्या बायकांनी पदर तोंडावर घेतले. एक शरीर, एक भाकर, एक प्याला असं ज्या पुस्तकात लिहिलंय ते त्यांच्या हातातच होतं.

प्याल्यांची तालीम झाली. प्रभुभोजनाची तालीम होते हे मला तोवर माहीत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना बोलावून, साधं पाणी भरून, तबक कसं धरायचं, प्याला उजव्या हातानं कसा उचलायचा, सगळ्यांना मिळेपर्यंत कसा हातात ठेवायचा आणि पाळकसाहेबांनी इशारा दिल्यावर सगळ्यांनी एकदम कसा प्यायचा हे शिकवलं. थोरले वडील रेल्वेच्या गार्डासारखे हात वर-खाली करत होते. पुन्हा एकदा, असं ते म्हणायचे, आणि आम्ही पुन्हा एकदा पाणी प्यायचो. ओसरीवर जाऊन हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. ज्यांच्यामुळं प्याले आणले त्यांनाच तेवढं शिकवायचं राहिलं.

आमच्याकडं प्रभुभोजन पाळकसाहेबांच्या फेऱ्यांनुसार वर्षातून चारदा असे. ते दसऱ्यानंतरच्या रविवारी आलं. सुनेला तोवर उठबस जड झाली होती. ती ओसरीवरच राहिली. एरवी म्हातारी मागच्या सतरंजीवर नातीला घेऊन बसायची. त्या दिवशी मात्र ती सगळ्यांच्या आधी आली आणि बायकांच्या बाजूच्या पहिल्या बाकावर जाऊन बसली. तिच्या गावी पाळकसाहेब येत तेव्हा भोजन घेणारे पुढं, मेजाजवळ बसायचे आणि बाकीचे मागं. तिला भोजन घ्यायचं होतं. म्हणून ती पुढं बसली, यात तिच्या दृष्टीनं विचारण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या बाकावर काकूंची जागा असे. त्या नेहमी पहिलं गीत सुरू झाल्यावर येत, कारण तेव्हा सगळे उभे असतात आणि मधल्या वाटेनं चालणारं माणूस नीट दिसतं. त्या दिवशी पांढरं रेशमी लुगडं होतं. वाट अर्धी झाल्यावर त्यांना बाकावर कोण आहे ते दिसलं. पाऊल जरा अडखळलं, पण तोवर साऱ्या मंडळीनं त्यांना पाहिलं होतं. त्या गेल्या, बसल्या, आणि दोघींच्या मधे गीतांचं पुस्तक ठेवलं. मी तिसऱ्या बाकावर होते. मला सगळं दिसत होतं, आणि खोटं कशाला सांगू, मी मजेत होते. माझी श्रद्धा तेव्हाही मनुकांच्या पाण्याइतकीच पातळ होती. चर्चमध्ये मी माणसं बघायला जायची.

भाकर झाली. मग थोरले वडील तबक घेऊन पहिल्या बाकाशी आले. म्हातारी कडेला होती, म्हणून तबक आधी तिच्यासमोर. तिनं त्या भोकांकडं बघितलं, एक प्याला उचलला, उजेडात धरून पाहिला. कुणी इशारा दिलेला नव्हता. तिनं तो ओठांना लावला, एक घोट घेतला. घोट कसला, ओठ ओले केले. आणि मग तो प्याला गीतांच्या पुस्तकावरून हात नेऊन काकूंच्या हातात दिला.

तिच्या गावी एक पितळी पेला होता. तो एकानं प्यायचा आणि शेजारच्याच्या हातात आपल्या हातानं द्यायचा. सगळ्यांना पुरला पाहिजे, म्हणून कुणी जास्त प्यायचं नाही. जो पेला रिकामा करील तो हावरट. हे मला पुढं तिच्याच तोंडून कळलं. शहरातल्या प्याल्याचा आकार बघून तिला वाटलं की इथली मंडळी फारच गरीब झालीय, म्हणून तिनं अगदी थोडं घेतलं.

काकूंनी प्याला धरला, कारण हातात दिलेली वस्तू माणूस आधी धरतो. मग त्यांना कळलं की आपण काय धरलंय. समोर त्यांचे यजमान तबक घेऊन उभे. तबकात त्यांचा स्वच्छ, पुसलेला, स्वतःचा प्याला. वडील ओठ न हलवता पुटपुटले की ठेव, खाली ठेव. पण खाली कुठं ठेवणार? प्रभुभोजनाचा प्याला जमिनीवर? तबकात परत ठेवला तर तो पुढं कुणाकडं जाणार? आणि परत म्हातारीच्या हातात दिला, तर चाळीसेक डोळे बघणार होते की थोरल्या वडिलांच्या घरच्यांनी प्रभूचा प्याला नाकारला, आणि का नाकारला ते. मेजामागं पाळकसाहेब थांबले होते. त्यांची मानसुद्धा हलत नव्हती.

म्हातारीला वाटलं, ही बाई भिडेनं थांबलीय.

"घ्या की," ती म्हणाली. तिला कमी ऐकू येई, म्हणून ती मोठ्यानंच बोलायची. "लय हाय अजून."

काकू प्यायल्या.

त्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं ते देव जाणे, पण मला काकू माहीत होत्या. विश्वास, नम्रता, बंधुभाव यांतलं काही त्या हातात नव्हतं. त्यांचा एकच गुण होता आणि तो मोठा होता. लोक बघत असले की त्या चांगल्या वागत. एकांतात त्यांनी तो प्याला खिडकीबाहेर ओतला असता आणि हात दोनदा धुतले असते. पण साऱ्या मंडळीच्या डोळ्यांदेखत त्यांना पिण्यावाचून दुसरं काही जमण्यासारखंच नव्हतं. त्या प्यायल्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. आधी घाबरलेला, मग कोरा, आणि मग त्यावर असं काही तेज आलं की मी हातातली ओढणी चावली. आपण नुकतंच काहीतरी थोर केलं हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पाळकसाहेबांच्या तोंडून न ठरवलेलं आमेन निघालं. मागून कुणीतरी त्याला साथ दिली. तालमीतला तो एकदम प्यायचा भाग त्या दिवशी झालाच नाही. ज्यानं त्यानं आपापला प्याला जमेल तसा संपवला.

उपासना सुटल्यावर बायकांनी काकूंना पायऱ्यांवर गराडा घातला. कुणी सलाम करत होतं, कुणी डोळे पुसत होतं. काकू खाली बघून हसत होत्या, म्हणजे अजून कुणी यायचं असेल तर त्याला वेळ मिळावा. इतक्यात माझी आई गर्दीतून पुढं आली. आई पंथानं आमचीच, पण पेशानं नर्स. कळा कधी येतात आणि कधी जोर करायचा हे तिला कळायचं.

"काकू, आज तुम्ही केलंत ते आमच्यातल्या कुणाच्यानं झालं नसतं," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मी मघाशीच त्या पोरीला सांगून आले, खोलीची काळजी करू नको, काकू स्वतः उघडून देतील."

आईनं असं काही सांगितलेलं नव्हतं. उपासनेआधी ओसरीवर मी तिच्याबरोबरच होते.

काकूंनी आईकडं पाहिलं. सापळा त्यांना दिसला असणार, त्या मूर्ख नव्हत्या. पण इतक्या माणसांसमोर आत्ताच मिळालेलं तेज परत करायचं म्हणजे फारच झालं. थोरले वडील घाईनं खाली आले आणि म्हणाले की असं नाही चालत, आधी ठराव व्हावा लागेल, सूचक लागेल, अनुमोदक लागेल.

काकू कमरेचा जुडगा सोडत होत्या.

"ठराव मागून लिहा," त्या यजमानांना म्हणाल्या. "पोट काय तुमच्या सभेसाठी थांबणार आहे का?"

जुडग्यातली कुठली किल्ली हे खरंच त्यांना माहीत नव्हतं. एकेक लावून पाहावी लागली. दार उघडलं तेव्हा आतून बंद खोलीचा, कापराच्या गोळ्यांचा वास आला. सून उंबऱ्याशी थांबली. तिनं आधी दाराला आतून हात लावला, कडी लावून पाहिली, काढून पाहिली, परत लावून पाहिली. मग पलंगावर बसली. म्हातारीनं माठात डोकावून त्यात पाणी नाही अशी तक्रार केली.

मूल दिवाळीच्या आदल्या आठवड्यात झालं, मुलगा. आई सांगायची की चौथ्या दिवशी ती त्यांना सायकल रिक्षानं खोलीवर घेऊन आली, सुनेनं आतून कडी लावली आणि दुपारपर्यंत उघडली नाही. सासू बाहेर बसून कुरकुरत होती आणि सून आत गाढ झोपली होती. जाळपोळीनंतर ती दिवसा कधी झोपलेली नव्हती. मच्छरदाणीत तान्हं मूल, त्याच्या डोक्यावर लाल रेशमाचं वचन. कुणी फोटो काढला नाही, कारण सेवासप्ताह संपला होता.

काकूंची साक्ष मात्र सुरू झाली. आमच्यात साक्ष देणं म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सभेत उभं राहून सांगणं. काकू सांगायच्या की त्या सकाळी त्यांना पहाटे एक वाणी ऐकू आली होती, आज तुझी परीक्षा आहे. दर प्रार्थनासभेला वाणी थोडी लांबत गेली. नंतर तिच्यात म्हातारीचं नावही आलं. पुढं तर काकूंनीच तिला पहिल्या बाकावर बोलावून बसवलं होतं असं ठरलं. म्हातारी ऐकत बसायची. तिनं एकदाही दुरुस्ती केली नाही. मी विचारलं तर म्हणाली, बोलू दे की, खोलीचं भाडं तेवढंच हाय. वडीलसभेनं तो ठराव अखेर लिहिला. त्यात, वडीलसभेच्या दूरदृष्टीनं राखून ठेवलेली खोली, असे शब्द होते. तो थोरल्या वडिलांनी उपासनेत वाचूनही दाखवला. ते कुटुंब त्या खोलीत बराच काळ राहिलं. पुढं म्हातारीच्या मुलाला रेल्वेत पक्की नोकरी लागल्यावर ते पूर्णेला गेले, गावाकडं नाही. विद्यापीठाची पाटी शेवटी बदलली तेव्हा त्या खोलीतलं तान्हं मूल मॅट्रिकच्या वयाचं झालं होतं. पाहुण्यांची खोली परत पाहुण्यांची झाली. तबकं अजून आहेत. काही प्याले फुटले, तिथं भोकं रिकामी दिसतात.

पण मला आठवतं ते पुढचं प्रभुभोजन, नाताळच्या आधीच्या रविवारचं. मधल्या काळात तरुण संघातल्या आम्ही मुलींनी खोलीत जाऊन म्हातारीला प्याल्यांची शिस्त शिकवली होती. एक माणूस, एक प्याला, आपला आपण संपवायचा. तिला पटायला वेळ लागला. सगळं एकटीनंच प्यायचं का, असं तिनं परत परत विचारलं, आणि मग म्हणाली, बरं, तुमचा रिवाज असंल तर.

वडीलसभेनंही आपली व्यवस्था केली होती. खेड्याकडच्या मंडळींनी शेवटच्या बाकावर बसावं, म्हणजे तबक तिथं शेवटी जाईल आणि गोंधळ होणार नाही. म्हातारी शेवटच्या बाकावर बसली. पहिलं गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले, आणि काकू आल्या. पांढरं रेशमी लुगडं. पण त्या मधल्या वाटेनं पुढं गेल्या नाहीत. दारातून आत आल्या, थांबल्या, साऱ्यांनी वळून बघेपर्यंत थांबल्या, आणि शेवटच्या बाकावर म्हातारीच्या शेजारी जाऊन बसल्या. या वेळी गीतांचं पुस्तक मधे ठेवलं नाही. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

तबक सगळी मंडळी फिरून मागं पोचलं. म्हातारीनं प्याला उचलला. काकूंनी आपला उचलला नाही. त्यांनी उजवा हात थोडा पुढं केला, तळवा वर करून, आणि डोळे मिटून घेतले. माना वळल्या होत्या. पाळकसाहेबांनी इशारा दिला.

म्हातारीनं शिकवल्याप्रमाणं प्याला एका घोटात संपवला, तोंड पदरानं पुसलं, आणि रिकामा प्याला तबकाच्या भोकात नीट बसवून ठेवला. मग शेजारी पाहिलं. काकूंचा हात अजून तसाच पुढं होता.

"तुमचा उचला की बाई," म्हातारी म्हणाली. "ज्याचा त्यानं प्यायचा हाय. तुमाला कुणी शिकवलं न्हाई का?"